पडद्यावरची शाळा : बाजूचं दार



समजा, एसटी थांब्यावर येऊन उभी राहिली आणि तुम्ही अजून घरातच आहात. काय होईल? कंडक्टर डबल बेल देणार आणि गाडी जाणार. पण एक गाव असंही होतं, जिथं बाईनं माडीच्या खिडकीतून नुसती शीळ घातली की गाडी दारासमोर उभी राहायची. बाईंनी टोपी घालावी, छत्री शोधावी, रात्रीला काय रांधायचं ते सांगावं आणि मग सावकाश खाली यावं. तोवर ट्राम थांबलेली, तिला जुंपलेली जनावरं थांबलेली आणि आतली माणसंही थांबलेली. कुणाला घाई म्हणून नाहीच!

आज आपण ज्या सिनेमाची गोष्ट ऐकणार आहोत त्याची सुरुवात अशी होते. सिनेमाचं नाव ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’, म्हणजे थाटामाटाचे अँबरसन. सिनेमा अमेरिकेतला, १९४२ सालचा, काळापांढरा आणि अवघा ८८ मिनिटांचा. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स. तेव्हा त्याचं वय होतं जेमतेम २६! सिनेमात तो कुठेच दिसत नाही, पण गोष्ट सांगणारा घनगंभीर आवाज त्याचाच आहे.

गोष्ट मात्र त्याची नाही. ती बूथ टार्किंग्टन या लेखकाच्या १९१८ सालच्या कादंबरीतली. टार्किंग्टन अमेरिकेतल्या इंडियाना राज्याचा, इंडियानापोलिस गावचा. आपलं गाव डोळ्यांदेखत कसं बदललं ते त्यानं लिहिलं आणि त्या कादंबरीला १९१९ साली पुलित्झर पारितोषिक मिळालं.

बिनराजाच्या देशातला राजा

अमेरिकेत राजा नाही, सरदार नाहीत, हे तुम्ही इतिहासात शिकला आहात. मग तिथं थोरामोठ्यांची घराणी आली कुठून? गंमत अशी, की ती गावानंच तयार केली.

१८७३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. त्याच साली गोष्टीतल्या मेजर अँबरसन यांचं नशीब मात्र फळफळलं. त्यांनी गावात एक टोलेजंग वाडा बांधला. नुसत्या लाकूडकामाला ६० हजार डॉलर! घरात वरखाली गार आणि गरम पाण्याचे नळ! गावातले लोक येताजाता वाड्याकडे बोट दाखवून हे आकडे एकमेकांना सांगायचे. अँबरसनांनी ‘आम्ही राजे’ असं म्हणायची गरजच पडली नाही. लोकांनी माना वर करून पाहिलं आणि वाडा आणखी उंच झाला.

या वाड्यातली लेक इझाबेल. युजीन मॉर्गन नावाचा एक हसरा, उत्साही तरुण तिच्यावर प्रेम करायचा. एका रात्री तो तिच्या खिडकीखाली गाणंबजावणं करायला आला आणि अंधारात धडपडून थेट आपल्याच भल्यामोठ्या वाद्यावर आदळला! वाद्याचा चुराडा झाला आणि गावभर हसं झालं. असा विदूषक अँबरसनांचा जावई कसा होणार? इझाबेलनं त्याला भेटायचंच सोडलं आणि विल्बर मिनाफर या शांत, नाकासमोर चालणाऱ्या माणसाशी लग्न केलं. युजीन गाव सोडून गेला.

तेव्हा गावातली एक बाई म्हणाली, इझाबेलचं नवऱ्यावर काही खरं प्रेम बसणार नाही. मग ती सगळं प्रेम मुलांवर ओतणार आणि मुलांचं वाटोळं होणार. बाईंचा अंदाज फक्त एका बाबतीत चुकला. मुलं झाली नाहीत, एकच मुलगा झाला. त्याचं नाव जॉर्ज.

बाजूच्या दारानं या!

लहानगा जॉर्ज म्हणजे गावाला ताप. लांब कुरळे केस, अंगात मखमल, आणि हातात तट्टूगाडीचा लगाम. गाडी अशी भरधाव सोडायची की माणसांनी जीव मुठीत धरून बाजूला उड्या माराव्यात. ‘या पोराला एक ना एक दिवस अद्दल घडणार, आणि ती बघायला आपण जिवंत असलं पाहिजे’, असं गावातले कितीतरी लोक मनात म्हणायचे. मनात बरं का! तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

एकदा रस्त्यावर मारामारी चालली असताना एक वकील मध्ये पडला, तर जॉर्जनं त्यालाच शिव्या हासडल्या. तक्रार घरी आली. आता प्रसंग बघा. आई, बाबा, आजोबा सगळे बसले आहेत आणि मध्ये उभा आहे जॉर्ज. तो काय म्हणतो? तो म्हणतो, या माणसाला आपल्या घरी यायचं झालं तर बाजूच्या दारानंच यावं लागेल!

आजोबांना हसू आवरत नाही. आई हळूच म्हणते, पुन्हा असले शब्द वापरणार नाहीस ना? जॉर्ज कबूल करतो आणि वर एक अट घालतो : कुणाचा राग आला नाही तरच! झालं, खटला निकालात.

तुम्हीही हा प्रसंग बघताना हसाल. मीही हसले. पण मग मला प्रश्न पडला, की एवढ्याशा पोराला पुढचं दार कुणासाठी आणि बाजूचं दार कुणासाठी, हे शिकवलं कुणी? शाळेत असा धडा नसतो. कुणी त्याला समोर बसवून शिकवलं असेल असंही वाटत नाही. कोण आलं की आई उठून उभी राहते आणि कोण आलं की बसूनच बोलते, कुणाला चहा कपातून जातो आणि कुणासाठी वेगळा पेला काढतात, हे मूल बघत असतं. बघता बघता पाठ होतं.

कोण होणार? काय करणार?

वर्षं जातात. जॉर्ज कॉलेजातून घरी येतो आणि वाड्यावर मोठा समारंभ होतो. दिव्यांचा लखलखाट, वाद्यवृंद, नाच. याच रात्री युजीन मॉर्गन परत येतो. आता त्याची बायको वारली आहे, बरोबर तरुण मुलगी आहे ल्यूसी, आणि डोक्यात आहे एक यंत्र : घोड्याशिवाय चालणारी गाडी.

ही नुसती कल्पना नव्हती हं. इंडियाना राज्यातच, कोकोमो गावी, एलवूड हेन्स या माणसानं ४ जुलै १८९४ रोजी पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी आपली गाडी रस्त्यावर चालवून दाखवली होती. लोक अशा गाड्यांना हसायचे. गाडी बंद पडली की ‘घोडा आणा, घोडा!’ असं ओरडायचे.

जॉर्जला ल्यूसी पाहताक्षणी आवडते. तिच्यासमोर शान मारावी म्हणून तो नाचणाऱ्यांतल्या एका माणसाची टिंगल करतो, की हे विचित्र ध्यान कोण? ल्यूसी शांतपणे सांगते, ते माझे बाबा!

मग ल्यूसी त्याला एक साधा प्रश्न विचारते. पुढं काय करायचं ठरवलं आहेस? जॉर्ज म्हणतो, काहीच नाही. वकील, सावकार, पुढारी यांना आयुष्यात मिळतं तरी काय? काही ‘करण्या’पेक्षा काही ‘असणं’ महत्त्वाचं. मग तुला कोण व्हायचं आहे? जॉर्ज ऐटीत उत्तर देतो, की शिडाच्या नौकेतून हिंडणारा शौकीन!

मुलांनो, इथं जरा थांबू या. आपण मराठीत लहान मुलांना काय विचारतो? ‘मोठेपणी कोण होणार?’ माझ्या वर्गात मी दरवर्षी विचारते. डॉक्टर होणार, कलेक्टर होणार, क्रिकेटपटू होणार, अशी भराभर उत्तरं येतात. मग मी दुसरा प्रश्न विचारते, ‘होऊन काय करणार?’ की वर्ग एकदम चिडीचूप! एखादा म्हणतो, ‘बाई, मोठी गाडी घेणार.’ म्हणजे नौकेची हौस फक्त अमेरिकेत नाही!

‘कोण होणार’ हा प्रश्न वाईट नाही. पण त्याला ‘काय करणार’ याची जोड हवी. जॉर्जला वाटायचं, आपण अँबरसन ‘आहोत’, एवढं पुरे. युजीन मात्र काहीतरी ‘करत’ होता. हात काळे करून, लोकांचं हसू झेलून, एकेक स्क्रू पिळत होता. त्या दोन घरांमधलं खरं अंतर पैशाचं नव्हतं. एका घरात कामाला मान होता आणि दुसऱ्या घरात काम न करण्याला.

सिनेमातला बर्फाचा प्रसंग बघा म्हणजे हे चटकन कळेल. युजीनची मोटार बर्फात अडकली आहे. जॉर्ज आणि ल्यूसी घोड्याच्या घसरगाडीतून तिला चिडवत पुढं जातात आणि थोड्याच अंतरावर घसरगाडी उलटते! शेवटी सगळे मोटारीत बसतात आणि ती ढकलायला लागतं जॉर्जला. धुराचा फवारा त्याच्या तोंडावर! हा प्रसंग लॉस एंजेलिसमधल्या एका खऱ्याखुऱ्या बर्फाच्या कोठारात चित्रित केला. म्हणून नटांच्या तोंडून निघणारी वाफही खरी आहे.

लोक काय म्हणतील?

पुढं विल्बर वारतो. इझाबेल आणि युजीन पुन्हा जवळ येतात. दोघंही आता पोक्त, दोघंही एकटे. लग्न करायला अडचण काहीच नाही. पण जॉर्जच्या कानावर गावातली कुजबुज येते आणि त्याचं डोकं फिरतं. अँबरसनांच्या नावाला बट्टा! लोक काय म्हणतील?

युजीन इझाबेलला भेटायला येतो. पुढच्या दारानंच येतो. दार उघडायला जातो जॉर्ज. तो युजीनला सांगतो, या घरात तुमचं काही काम नाही, आज नाही आणि पुढंही नाही. आणि दार लावून घेतो. इझाबेल घरात वाट बघत असते. तिला कुणी विचारतसुद्धा नाही.

लहानपणी जो वकिलाला बाजूच्या दारानं या म्हणाला आणि ज्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, तोच हा मुलगा. फक्त आता ते दार त्याच्या आईच्या तोंडावर लागलं.

युजीन रागावत नाही. तो इझाबेलला पत्र लिहितो आणि निर्णय तिच्यावर सोपवतो. पण मुलापुढं ती नमते. जॉर्ज तिला लांब परदेशी घेऊन जातो. निघताना तो ल्यूसीचा निरोप घेतो. ल्यूसी हसून, चेष्टेवारी बोलत राहते, जणू काही झालंच नाही. जॉर्ज पाठ फिरवून जातो. ल्यूसी औषधाच्या दुकानात शिरते, औषध मागते आणि तिथंच बेशुद्ध पडते.

इझाबेल परत येते ती अंथरुणाला खिळूनच. युजीन धावत येतो, पण या वेळीही त्याला वर जाऊ देत नाहीत. शेवटच्या घटकेला तिला कळतं की तो येऊन गेला. एकदा बघायला आवडलं असतं, एवढंच ती म्हणते.

घरातच दोन दारं

आता एका पात्राबद्दल सांगायलाच हवं. जॉर्जची फॅनीआत्या. लग्न झालेलं नाही, हाताशी बेताचे पैसे, भावाच्या सासुरवाडीच्या वाड्यात राहणारी. एका पावसाळी रात्री स्वयंपाकघरात जॉर्ज स्ट्रॉबेरीचा केक बकाबका खात असतो आणि आत्या समोर बसून सांगते, अरे, इतक्या भराभर खाऊ नकोस. केक तिनं स्वतः केलेला असतो. मग जॉर्ज आणि जॅकमामा युजीनच्या नावानं तिची चेष्टा करतात. आत्या रडत उठून जाते. तेव्हा कुठं कळतं, की युजीनवर तिचंही प्रेम होतं. इतकी वर्षं एका घरात राहून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं!

म्हणजे श्रीमंत-गरीब ही रेघ दोन घरांच्या मधूनच जाते असं नाही. ती एकाच घराच्या स्वयंपाकघरातूनही जाते. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याच्या दुःखाला कुणी दुःख म्हणत नाही. त्याची चेष्टा होते. ॲग्नेस मूरहेड या अभिनेत्रीनं ही आत्या अशी उभी केली आहे, की बघणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. तिला त्या वर्षी ऑस्करचं नामांकनही मिळालं.

अद्दल घडली, पण...

मेजर आजोबा वारतात आणि समजतं, की तिजोरी रिकामी आहे. गाव वाढत वाढत दूर सरकलं. मोटारी आल्या तशी माणसं लांबलांब राहायला गेली. वाड्याभोवती धूर आणि काजळी. आत्यानं मोटारीच्या दिव्यांच्या कंपनीत पैसे गुंतवले होते, तेही बुडाले. वाडा सोडायची वेळ येते. आत्या बंबाला टेकून जमिनीवर बसली आहे. जॉर्ज म्हणतो, तिथं बसू नको, भाजेल. ती म्हणते, नाही भाजत, तो थंड आहे, नळवाल्यांनी केव्हाच तोडला. गावानं ज्या गरम पाण्याचं कौतुक केलं, ते असं गार झालं.

आणि आता जॉर्ज पहिल्यांदा काहीतरी ‘करतो’. वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करून आत्याला पोसता येणार नाही, म्हणून तो स्फोटकांचं जोखमीचं काम मागतो. तिथं पहिल्या दिवसापासून चांगला पगार मिळतो म्हणून. मागतो कुणाकडे? त्याच वकिलाकडे, ज्याला बाजूच्या दारानं यायला सांगितलं होतं! शेवटच्या रात्री तो आईच्या पलंगापाशी गुडघे टेकून क्षमा मागतो.

गाव ज्याची वाट बघत होतं ती अद्दल अशी घडली, काठोकाठ भरून घडली. पण बघायला कुणीच नव्हतं. वाट बघणारे काही वारले होते, उरलेले जॉर्जला विसरून गेले होते. मला या सिनेमातली ही सगळ्यात खरी गोष्ट वाटते. ज्यांच्या नजरेसाठी आपण रुबाब करतो, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ज्यांना घाबरतो, ते लोक आपापल्या कामाला निघून गेलेले असतात.

पुढं एक मोटार जॉर्जला धडक देते आणि त्याचे दोन्ही पाय मोडतात. युजीन आता मोठा कारखानदार झाला आहे. मनात आणलं तर तोही दार लावून घेऊ शकला असता. पण तो दवाखान्यात जातो आणि जॉर्जला माफ करतो.

युजीनचा मोठेपणा आधीही एकदा दिसला होता. जेवणाच्या टेबलावर जॉर्जनं सगळ्यांदेखत सांगितलं, की मोटार म्हणजे निरुपयोगी कटकट आहे. युजीन चिडला नाही. तो म्हणाला, कदाचित जॉर्जचं खरंही असेल, मोटारीमुळे जग अधिक सुंदर होईल असं काही सांगता येत नाही. आपल्याच शोधाबद्दल असं बोलायला किती मोकळं मन लागतं! आज सिग्नलला नाकाला रुमाल लावून उभं राहिलं, की युजीनची आठवण येते.

सिनेमाचीही गोष्ट

या सिनेमाच्या वाट्यालाही एक दुःख आलं. वेल्स दुसऱ्या चित्रपटासाठी ब्राझीलला गेलेला असताना, १७ मार्च १९४२ रोजी पोमोना गावी प्रेक्षकांना हा सिनेमा प्रथम दाखवला. मुळात तो दोन तासांहून मोठा होता. बरेच प्रेक्षक कंटाळले, काही भलत्याच ठिकाणी हसले. आरकेओ कंपनी घाबरली. चाळीस मिनिटांहून जास्त भाग कापला, शेवट बदलून गोड केला आणि कापलेली फिल्म नष्ट केली. वेल्सच्या मूळ शेवटात युजीन फॅनीआत्याला भेटायला एका साध्या खाणावळवजा घरात जातो. तो शेवट आता कुणालाच बघता येत नाही. तरीही उरलेल्या ८८ मिनिटांत इतकं आहे, की जगभरचे जाणकार आजही हा सिनेमा डोक्यावर घेतात.

आईबाबांसाठी दोन शब्द

पालकहो, इझाबेल वाईट आई नव्हती. ती प्रेमळ होती, हळवी होती. तिनं फक्त एक केलं नाही : मुलगा चुकीचं बोलला तेव्हा त्याला थांबवलं नाही. आजोबांनीही हसण्यावारी नेलं. आपली मुलं कुणाला ‘अहो’ म्हणतात आणि कुणाला ‘ए’, घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींना नावानं हाक मारतात की मावशी म्हणतात, वर्गातल्या कुठल्या मित्राला वाढदिवसाला बोलावतात आणि कुणाला वगळतात, इकडे जरा लक्ष ठेवा. लहान मुलाच्या तोंडून आलेलं मोठं वाक्य ऐकून हसू येतं हे खरं. पण हसून झाल्यावर दोन शब्द बोलायला विसरू नका.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी गृहपाठ! एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा ‘मी कोण होणार’ आणि उजवीकडे ‘मी काय करणार’. डावीकडे एकच शब्द चालेल. उजवीकडे मात्र निदान पाच ओळी हव्यात, आणि त्यातली एक तरी ओळ अशी हवी, की तुमच्या कामानं दुसऱ्या कुणाचं तरी भलं होईल. सिनेमा कुठं बघायला मिळाला तर आईबाबांना शेजारी घेऊन बघा. भाषा इंग्रजी आहे, पण गोष्ट आता तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे अडणार नाही. बघताना दारं मोजा. कोण उघडतं, कोण लावतं, आणि कोण बाहेर उभं राहतं, ते मला जरूर लिहून कळवा.

तुमची,
बाई